पणजोबांची पलटण: खांद्यावरचा आकडा आणि मेडलची कडा

निफाड तालुक्यातल्या एका ताईंनी पणजोबांचा फोटो पाठवून विचारलं आहे: "घरात सांगतात की ते जंगी पलटणीत होते, बसऱ्याच्या लढाईला गेले आणि पेन्शन घेऊन परत आले. नाव आणि हा फोटो, एवढंच आमच्याकडे आहे. यावरून त्यांची पलटण सांगता येईल का?" फोटो तपकिरी पुठ्ठ्यावर चिकटवलेला आहे. सडपातळ, उभा माणूस. डोक्यावर पागोटं, अंगात खाकी डगला, गुडघ्यापर्यंत पायपट्ट्या, हातात छडी. छातीवर दोन गोल मेडलं. खांद्यावर पितळी आकडा आहे. त्यातल्या इंग्रजी एकचे दोन उभे दांडे स्वच्छ दिसतात, पण पुढचा अंक पागोट्याच्या शेमल्याखाली, म्हणजे मागे सोडलेल्या टोकाखाली, गेला आहे.

ताई, आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. हा फोटो १९१९ च्या आधीचा नाही आणि १९२२-२३ च्या नंतरचा बहुधा नाही. खांद्यावरचा आकडा जंगी पलटणीचा नाही. ११०, ११४, ११६ आणि ११७ या चार मराठा पलटणींपैकी ती एक असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. चारांतली नेमकी कोणती, हे एकटा फोटो सांगणार नाही. ते सांगेल छातीवरच्या त्या दोन मेडलांपैकी एखाद्याची कडा. ते मेडल तुमच्याकडे किंवा तुमच्या भाऊबंदांकडे अजून असण्याची मला बरीच आशा आहे. का, ते पुढे येईल.

मी नाशकात गेली सव्वीस वर्षं जुने फोटो दुरुस्त करतो आणि त्यातली अठरा-एकोणीस वर्षं फौजी फोटोंच्या मागे आहे. लोक फोटो आणतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, "टोपीवरचा बिल्ला कुठला?" मी सुरुवात तिथून करत नाही. बिल्ला धूसर असतो, आपल्या मनात एक नाव आधीच असतं आणि डोळा त्या नावाचा बिल्ला शोधून काढतो. आधी फोटोचा काळ पक्का करायचा. काळ ठरला की निम्म्याहून जास्त पलटणी आपोआप गळतात.

तुमच्या फोटोत काळ सांगणारी मोठी खूण म्हणजे तो तीन अंकी आकडा. तो खरंच तीन अंकी आहे का, हे मी मोजून पाहिलं. खांद्याच्या पट्टीवर आकडा मधोमध बसवतात, आणि तुमच्या फोटोत दोन दांड्यांच्या पुढे आणखी एका अंकाएवढी जागा शेमल्याखाली जाते. शिवाय शेमल्याच्या काठाशी पितळेची बारीक चमक आहे. म्हणजे ११ नाही, एकशे दहा ते एकोणीसमधला काहीतरी आकडा.

१९०३ मध्ये सरसेनापती लॉर्ड किचनर यांच्या फेररचनेत हिंदुस्थानी फौजेतल्या पलटणींचे आकडे एका माळेत ओवले गेले. त्याआधी मुंबईकडच्या, मद्रासकडच्या, बंगालकडच्या पलटणींचे आकडे वेगवेगळे आणि प्रत्येकीकडे एकपासून सुरू. मुंबईकडच्या पायदळाच्या जुन्या आकड्यांत सरळ शंभर मिळवले. तिसरी झाली १०३, पाचवी झाली १०५, दहावी झाली ११०. मग १९२२ मध्ये पुन्हा मोठी उलथापालथ झाली आणि सुट्या पलटणी एकत्र करून मोठ्या रेजिमेंट केल्या. आपल्याकडच्या सहा पलटणींची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. १०३ ही तिची पहिली बटालियन, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी, आणि ११४ ही रंगरूट घडवणारी दहावी, बेळगावला. म्हणून खांद्यावर असा तीन अंकी आकडा दिसला की फोटो १९०३ ते १९२२ मधला. नवे बिल्ले सगळ्यांना एका दिवसात मिळाले नसतील म्हणून वर्षभर पुढे धरा.

आता जंगी पलटण. हे नाव १०३ चं, म्हणजे १७६८ मध्ये उभारलेल्या सर्वांत जुन्या मराठा पलटणीचं. तिची जोडीदार १०५ म्हणजे 'काळी पाचवी'. तुमच्या पणजोबांच्या खांद्यावर दोन एक शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे १०३ होऊच शकत नाही. पण म्हणून घरची आठवण खोटी ठरवू नका. नाशिक-नगरकडच्या कितीतरी घरांत मी पाहिलं आहे, मराठा पलटण कुठलीही असो, तिला सरसकट 'जंगी पलटण' म्हणतात. तीन पिढ्यांत आकडा विसरला जातो आणि कानाला भारदस्त वाटणारं नाव टिकतं. आठवणीचा गाभा 'मराठा पलटण आणि बसरा' एवढा धरा. तो फोटोशी जुळतो.

एकशे दहापासून एकशे एकोणीसपर्यंत किती पलटणी होत्या ते पाहू. १११, ११५ आणि ११८ हे आकडे १९०३ मध्ये कुणालाच दिले नव्हते, कारण जुन्या अकराव्या, पंधराव्या आणि अठराव्या मुंबई पलटणी १८८२ मध्येच मोडल्या होत्या. पुढे १९१७ मध्ये महार पलटण उभी केली तेव्हा १११ हा रिकामा आकडा तिला दिला. ती १९२१ मध्ये मोडली. तुमचं कुटुंब महार समाजातलं असेल तर माझा वरचा अंदाज बदलतो आणि १११ सगळ्यांच्या आधी तपासायला हवी. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती सरकारने बंद केली होती आणि ती मोठ्या प्रमाणावर पुन्हा झाली ती याच पलटणीत. त्यामुळे या वर्षांतल्या महार शिपायाच्या फोटोला १११ चं उत्तर फार वेळा लागू पडतं. ११२, ११३ आणि ११९ या पलटणींत मुख्यत्वे राजपुताना आणि त्याच्या वरच्या मुलखातली भरती असे, निफाडचा शेतकरी तिथे जाणं अवघड. राहिल्या ११०, ११४, ११६, ११७.

इथे एक गोष्ट जाता जाता सांगतो, कारण मालेगाव आणि येवल्याकडची मुस्लिम कुटुंबं फोटो घेऊन येतात आणि 'मराठा' हे नाव ऐकून गोंधळतात. या पलटणींत दख्खनी मराठे आणि कोकणी मराठे यांच्या कंपन्यांसोबत दख्खनी मुसलमानांच्या कंपन्याही होत्या. पलटणीच्या नावावरून शिपायाची जात ठरवायची नाही, आणि एकट्या जातीवरून पलटणही नाही.

आता मेडलं, कारण खरी किल्ली तिथे आहे. काळ्या-पांढऱ्या फोटोत मेडलच्या फितीचे रंग ओळखायला जाऊ नका. त्या काळच्या काचा आणि फिल्म निळ्या रंगाला फार संवेदनशील होत्या आणि लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या. त्यामुळे निळा फिका, पांढुरका उतरतो आणि लाल काळाठिक्कर. गडद दिसतंय म्हणून निळं असेल असं आपण म्हणतो, आणि असतं लाल. रंग सोडा, आकार बघा. त्यातही मेडल फितीला कसं टांगलंय ते बघा. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं, आणि ते एका सरळ आडव्या दांडीने फितीला लटकतं. त्याच्या शेजारचं व्हिक्टरी मेडल कांस्याचं, पंखवाल्या विजयदेवतेचं, आणि ते साध्या गोल कडीने लटकतं. तुमच्या फोटोत पहिल्या मेडलच्या वर आडवी रेघ दिसते आणि दुसऱ्याच्या वर ठिपक्यासारखी कडी. ही तीच जोडी आहे, मला शंका नाही. सरहद्दीवरच्या मोहिमांचं इंडिया जनरल सर्व्हिस मेडल असतं तर वरची दांडी नक्षीदार, वेलबुट्टीसारखी दिसली असती.

ही दोन्ही मेडलं युद्ध संपल्यावर, १९१९ पासून पुढे दिली गेली. खांद्यावरचा आकडा १९२२ पर्यंतचा. दोन्हींच्या मधली जागा म्हणजे तुमच्या फोटोचा काळ. पणजोबा परत आले, मेडलं हातात पडली आणि पहिल्याच संधीला ते स्टुडिओत जाऊन उभे राहिले, असा तो फोटो आहे. छडीवरची बोटं बघा, किती घट्ट धरली आहेत. आयुष्यातला बहुधा पहिला फोटो असावा.

छातीवर काय नाही, तेही तितकंच बोलतं. १९१५ संपण्याच्या आत जो रणभूमीवर पोचला त्याला चार टोकांचा एक ताराही मिळाला. तो या दोन मेडलांच्या आधी, छातीच्या मध्याकडे लावतात. तुमच्या पणजोबांकडे तारा नाही. ११७ ही पलटण १९१४ च्या नोव्हेंबरपासूनच मेसोपोटेमियात, म्हणजे बसऱ्याच्या मुलखात, आजच्या इराकमध्ये होती. ११० आणि ११७ दोन्ही, आणि जंगी पलटणही, सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. याच डिव्हिजनला तुर्कांनी तिथल्या कुत या गावात वेढलं, ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, आणि शेवटी सगळे कैद झाले. त्या वेढ्यात सापडलेल्या माणसाला तारा मिळायलाच हवा होता. म्हणजे पणजोबा कुतच्या वेढ्यातले नव्हेत. ते १९१६ मध्ये किंवा त्यानंतर गेले. एकतर ११० किंवा ११७ ची रिकामी जागा भरायला पाठवलेल्या नव्या तुकडीतून, नाहीतर ११४ किंवा ११६ मधून. ११४ शेवटपर्यंत मेसोपोटेमियात लढली, ऑक्टोबर १९१८ मधल्या शरकतच्या लढाईत तिचं नाव झालं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून बघा, 'बसरा' सोडून आणखी कुठलं गावाचं नाव, उपासमार, घोड्याचं मांस, तुर्कांची कैद, नदीकाठची लढाई, असं काही कानावर आहे का. माझा कल आज ११४ कडे झुकतो, पण हा फक्त कल आहे. यावरून फोटोखाली काही लिहून घेऊ नका.

ही सूचना मी उगाच करत नाही. बारा वर्षांपूर्वी सिन्नरकडच्या एका कुटुंबाचा असाच फोटो माझ्याकडे आला होता. आकड्याचे पहिले दोन अंक स्पष्ट, तिसरा पुसट. मी स्कॅन मोठा केला, सॉफ्टवेअरने धार काढली आणि छातीठोकपणे ११६ सांगितलं. त्यांनी फोटो मढवला, खाली ११६ कोरून घेतलं, वर्षश्राद्धाला नातेवाइकांना प्रती वाटल्या. दोन वर्षांनी येवल्याला दिलेल्या त्यांच्या आत्याच्या देवघरातल्या डबीत मेडल निघालं. कडेवर ११४. मी मूळ फोटो पुन्हा मागवून भिंगाखाली धरला तेव्हा कळलं की इंग्रजी चारच्या तिरप्या रेघेवर बुरशीचा एक ठिपका होता. सॉफ्टवेअरने तो ठिपका अंकाच्या पोटात ओढून गोल केला आणि चारचा सहा झाला. त्या घरातल्या आजोबांनी मला एका शब्दाने दुखावलं नाही. पण ते दोन वर्षं चुकीच्या पलटणीच्या लढाया वाचत होते, हे मला अजून सलतं. तेव्हापासून फोटो 'साफ' करणाऱ्या कुठल्याही अॅपमधून आलेली प्रत मी ओळखीसाठी वापरत नाही. आजकालची अॅप तर याहून पुढची आहेत. नसलेली अक्षरं, नसलेला बिल्ला, नसलेल्या गुंड्या ती स्वतःच्या मनाने काढून देतात, आणि ते इतकं सफाईदार दिसतं की खरं वाटतं. चेहरा उजळून भिंतीवर लावायला ती वापरा, माझी ना नाही. आकडा वाचायला वापरू नका.

तुम्ही पाठवलेली प्रत मोबाईलने काढलेली आहे आणि वर ट्यूबलाइटची झळाळी पडली आहे. फोटो काचेला चिकटला नसेल तर चौकटीतून काढून सपाट स्कॅनरवर बाराशे डीपीआयला स्कॅन करा, रंगीतच करा, काळा-पांढरा नको. काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. पुठ्ठ्यापासून फोटो सोडवायचा प्रयत्न अजिबात करू नका, पाण्याचं बोट लावू नका, लॅमिनेशन करू नका. मग एकदा खिडकीजवळ, बाजूने येणाऱ्या तिरप्या उजेडात खांद्याचा भाग भिंगाने बघा. जुन्या छपाईतली चांदी गडद भागात वर येऊन चकाकते आणि समोरून न दिसलेली कड तिरक्या उजेडात कधीकधी उठून दिसते. शेमल्याच्या काठाशी दिसणारी ती चमक मला अशी बघायची आहे. अंकाची कड गोल वळते की सरळ जाते, एवढं जरी कळलं तरी चारपैकी दोन पलटणी गळतील.

पुठ्ठ्याची मागची बाजू तुम्ही पाठवलेली नाही, ती जरूर पाठवा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेलं नाव, मोडीतली एखादी ओळ, काहीही. मागे देवळालीचा शिक्का निघाला तर तो तोफखान्याचा पुरावा धरू नका. आज आपल्याला देवळाली म्हणजे तोफखाना वाटतो, पण त्या वेळी ती मुख्यत्वे विलायतेला जाणाऱ्या-येणाऱ्या गोऱ्या सैनिकांची छावणी होती. १९३५ च्या आधी पहाडी तोफा सोडल्या तर हिंदुस्थानी तोफखाना नव्हताच म्हटलं तरी चालेल.

फोटो उलटा छापलेला नाही, हे मी तपासलं. ते तपासायला हवंच होतं, कारण इंग्रजी एकचे दोन दांडे आरशातही तसेच दिसतात, आणि फोटो उलटा असता तर आपण शेवटचा समजतो तो अंक पहिला निघाला असता. मेडलं त्यांच्या डाव्या छातीवर आहेत, म्हणजे आपल्या उजव्या हाताला, आणि डगल्याची डावी बाजू उजवीवर आली आहे. दोन्ही बरोबर. पायपट्ट्यांची नाडी गुडघ्याखाली बांधलेली आहे, ही पायदळाची रीत. घोडदळात पट्टी वरून खाली गुंडाळून नाडी घोट्याशी बांधत. घोडदळ किंवा पहाडी तोफखाना असता तर अंगावर तिरका चामडी काडतूसपट्टाही दिसला असता.

बाह्या नीट बघा. उजव्या दंडावर हुद्द्याची फीत आहे का? एक फीत म्हणजे लान्स नाईक, दोन म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. मनगटाकडे लहान, उलट्या 'व्ही'सारख्या खुणा दिसल्या तर तो हुद्दा नव्हे. १९१८ पासून परदेशातल्या सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी अशी खूण उजव्या बाहीच्या खालच्या भागावर लावत. डाव्या मनगटाजवळ उभी पट्टी असेल तर ती जखमेची. तुमच्या प्रतीत उजव्या मनगटापाशी काहीतरी आहे, पण ती डगल्याची चुणीही असू शकते. आणि खांद्यावर तारे असते, म्हणजे ते जमादार किंवा सुभेदार असते, तर काम फारच सोपं झालं असतं. त्या हुद्द्यांची नावं 'इंडियन आर्मी लिस्ट'मध्ये पलटणवार छापली जात. साध्या शिपायाचं नाव तिथे येत नाही.

पागोट्यावर किंवा खांद्याच्या आकड्याजवळ बिगूल सापडला तर मला लगेच कळवा. उरलेल्या चार पलटणींत 'लाइट इन्फन्ट्री' फक्त ११० होती. ११४, ११६ आणि ११७ च्या नावांत तेव्हा 'लाइट इन्फन्ट्री' नव्हतं. बिगूल हे लाइट इन्फन्ट्रीचं चिन्ह. पण इतर वाचकांसाठी सांगतो, रायफल पलटणीही बिगूल लावत. आकड्याशिवाय नुसत्या बिगुलावरून मराठा म्हणू नये.

आणखी एक सावधगिरी नाशिककरांसाठी. खाकी म्हणजे फौज असं नाही. पोलीस प्रशिक्षणाची शाळा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आपल्या नाशकात आहे. तिथे शिकायला आलेल्या जवानांनी इथल्या स्टुडिओंत फोटो काढून गावी पाठवले, आणि आज ते 'मिलिटरीतले आजोबा' म्हणून माझ्याकडे येतात. पोलिसांतही हवालदाराला तीनच फिती. १९३७ नंतरचा, कोवळ्या चेहऱ्याचा मुलगा गणवेशात असेल तर तो भोसला मिलिटरी स्कूलचा विद्यार्थी असू शकतो. स्टुडिओतली बंदूक किंवा तलवार तर पुष्कळदा स्टुडिओचीच. तुमच्या फोटोबाबत ही शंका नाही, ती दोन मेडलं पुरेशी आहेत.

आता ते मेडल शोधायचं कसं. पहिल्या महायुद्धाच्या या मेडलांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. व्हिक्टरी मेडलवरही तीच ओळ असते जी चांदीच्या मेडलवर असते. आपल्याकडे चांदीचं मेडल टिकत नाही. दुष्काळात, लग्नात, कधी सुनेच्या जोडव्यांसाठी ते सराफाच्या मुशीत गेलेलं असतं. कांस्याच्या मेडलला सराफ काही देत नसे, म्हणून ते घरात राहिलं. मी ज्या घरांत पलटण पक्की करू शकलो, त्यांतल्या बहुतेकांत ती या काळपट, बिनमोलाच्या मेडलमुळे झाली. देवघर, धान्याच्या कणगीतली डबी, जुन्या ट्रंकेचा तळ, मुलांच्या खेळण्यांचा डबा, कुलूप-किल्ल्यांची पिशवी बघा. आणि मुख्य म्हणजे लेकीबाळींची घरं बघा. पणजोबांच्या मुली कुठे दिल्या होत्या, त्या घरांत विचारा. मेडल कधी कौतुकाने नातवाला दिलेलं असतं आणि तो नातू मामाच्या नाही, वडिलांच्या गावी वाढलेला असतो.

कडेवर 'मराठा' शब्द आजच्यासारखा लिहिलेला नसेल. तेव्हाचं इंग्रजी स्पेलिंग एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असं होतं, आणि जागा कमी पडली की त्याचीही काटछाट होई. नावाचंही तसंच. आडनाव बऱ्याचदा नसतं किंवा वेडंवाकडं असतं, कारण भरतीच्या कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलं. नंबर महत्त्वाचा आहे, पण एकट्या नंबरावर शोध होत नाही. त्या काळी प्रत्येक पलटणीचे नंबर स्वतंत्र होते, एकच नंबर वेगवेगळ्या पलटणींत वेगवेगळ्या माणसांचा असे.

मेडल नाहीच मिळालं तर दुसरी वाट थोडी लांबची आहे, पण मला ती फळली आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर युद्धात मेलेल्यांची नावं आहेत. तुमचे पणजोबा परत आले म्हणून ते तिथे नसणार. पण तिथे अनेक हिंदी शिपायांच्या नोंदीत बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला आहे. पणजोबांचं नाव शोधू नका, गाव शोधा. नाशिकचं जुनं इंग्रजी स्पेलिंग एन-ए-एस-आय-के टाकून बघा, तुमच्या गावाच्या आणि शेजारच्या पाच-सहा गावांच्या नावांची वेगवेगळी स्पेलिंग करून बघा. भरती करणारा हवालदार आपल्याच मुलखात फिरे आणि एका गावची पोरं एकाच पलटणीत नेई. शेजारच्या गावचे दोघे ११४ मध्ये मेलेले आढळले तर ते पणजोबांच्या पलटणीचंही चांगलं चिन्ह आहे. लाहोरच्या संग्रहालयातल्या सैनिक-नोंदवह्यांची बातमी तुम्ही वाचली असेल. त्या पंजाबच्या आहेत, आपल्या कामाच्या नाहीत.

नाव, बापाचं नाव आणि भावंडं पक्की करायला नाशिकसारखी जागा नाही. पंचवटीत किंवा त्र्यंबकेश्वरला तुमच्या घराण्याचे जे तीर्थोपाध्याय असतील त्यांच्याकडे नामावळीच्या वह्या असतात. कुटुंबातलं कोणी दशक्रियेला, सिंहस्थाला आलं असेल तर त्यांनी लिहून ठेवलेली वंशावळ मिळते, कधी त्या माणसाच्या सहीसकट. तलाठ्याकडच्या जुन्या फेरफारात वारसनोंद मिळाली तर पणजोबांच्या मृत्यूचं वर्ष कळेल. जुन्या नोंदी मोडीत असतील, वाचून घ्याव्या लागतील. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पहिल्या महायुद्धातल्या माणसाबद्दल फारसं हाती लागत नाही, हा माझा अनुभव. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या आणि त्यानंतरच्या सैनिकांच्या कुटुंबांनी जावं.

त्या कुटुंबांसाठी दोन ओळी. फोटो १९४० च्या दशकातला असेल तर खांद्यावर तीन अंकी आकडा नसेल, बहुधा रेजिमेंटचं नाव असेल. बाहीवरचं कापडी चित्र हे डिव्हिजनचं असतं, पलटणीचं नव्हे. लाल गरुड दिसला की चौथी डिव्हिजन, एवढंच कळतं. बिल्ल्यावर मुकुट असेल तर फोटो प्रजासत्ताकाच्या आधीचा, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर १९५० नंतरचा. दुसऱ्या महायुद्धातले तारे ब्रिटिश सैनिकांना बिननावाचे दिले, पण हिंदी शिपायांच्या ताऱ्यांवर मागे पुष्कळदा नंबर आणि नाव असतं. जरूर उलटून बघा. पेन्शनचा कागद असेल तर त्यावरचा सैनिक क्रमांक घेऊन संबंधित रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला लिहा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला आहे.

ताई, तुमच्याबाबत आकडा ११० निघाला तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तिचीच पुढे तिसरी बटालियन झाली आणि तीच आज पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन आहे, म्हणून चौकशी तिकडेही करावी लागेल. बाकी तिन्हींसाठी बेळगाव. पलटण पक्की झाली की तिची युद्धरोजनिशी लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये मिळते. त्यात साध्या शिपायाचं नाव क्वचित येतं, पण १९१७ च्या अमुक दिवशी ती पलटण कुठे होती, किती चालली, पाणी होतं की नाही, हे सगळं असतं.

आता माझ्याकडे तीन गोष्टी पाठवा: खांद्याचा तिरप्या उजेडातला फोटो, पुठ्ठ्याची मागची बाजू आणि उजव्या मनगटाचा स्कॅन. पणजोबांच्या मुलींच्या सासरी आधी फोन करा, बाकीचं नंतर. मेडल सापडलं तर चिंच, राख, टूथपेस्ट काही लावू नका, कडेवरची अक्षरं उथळ असतात आणि दोन वेळा घासली की जातात. कोरड्या सुती कापडाने धूळ झटका, मेडल फिरवत फिरवत कडेचे सात-आठ फोटो काढा आणि न वाचताच मला पाठवा.